शपथ नाकारली, हमीपत्र लिहून दिलं

शिवाजीनगरला भांबुर्डे म्हणणारी माणसं पुण्यात होती तेव्हाची ही गोष्ट. १९२७च्या अखेरीस ऑक्सफर्डहून पंचविशीतला एक अँग्लिकन पाद्री हिंदुस्थानात आला आणि पुण्यात राहू लागला. त्याचं नाव व्हेरियर एल्विन. वडील सिएरा लिओनचे बिशप होते, पण ते मुलाच्या लहानपणीच वारले. एल्विननं मर्टन कॉलेजात आधी इंग्रजी साहित्यात आणि मग धर्मशास्त्रात पहिला वर्ग मिळवला होता. तिथंच राहिला असता तर बिशपपदापर्यंतचा रस्ता अवघड नव्हता. तो आला जॅक विन्स्लो यांच्या ‘ख्रिस्त सेवा संघा’त. विन्स्लो नगर जिल्ह्यात मिशनरी होते. १९२२मध्ये त्यांनी हा संघ काढला, आणि पुढं त्याचा आश्रम पुण्यात आला. तिथं इंग्रज आणि मराठी ख्रिस्ती खादी नेसून जमिनीवर बसून जेवायचे. पुण्यात आल्यावर चार-पाच वर्षांतच एल्विन गांधीजींच्या अटकेच्या रात्री मुंबईतल्या मणिभवनच्या गच्चीवर होता, आणि तिथून थोड्याच दिवसांत तो धर्मपीठालाही नकोसा झाला होता आणि सरकारलाही.

या माणसावरून आमच्या घरात वाद आहे. मामांचं आयुष्य पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत गेलं. बरीच वर्षं ते युनियनचे प्रतिनिधी होते. आता निवृत्त आहेत आणि आमच्या मंडळीच्या कमिटीवर आहेत. मी कामगारांच्या केसेस लढवते. पाळकानं राजकारणात पडावं की नाही, हा आमचा मूळ मुद्दा. कोणती बाजू कोण घेईल असं वाचकाला वाटत असेल, तर नेमकं उलटं आहे. युनियनवाले मामा म्हणतात, पडू नये. खाली दिलेलं बोलणं काही रविवारांचं मिळून आहे. मी ते जोडलं आहे, पण त्याच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत.

मामा : हे बघ, युनियनचा पुढारी नकोसा झाला तर पुढच्या निवडणुकीत त्याला पाडता येतं. मी स्वतः एकदा पडलोय. पाळकाला कोण पाडणार? तो बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, मूठमाती देतो. आपल्या मंडळीत सगळ्या पक्षांची माणसं आहेत. ज्याच्या विरोधात पाळक स्टेजवर बोलला, त्याच्या आईच्या उशाशी तो कुठल्या तोंडानं प्रार्थना करणार?

मी : पण मामा, पाळक राजकारणात नव्हता असा काळ कधी होता? खडकीचं ऑल सेंट्स चर्च घ्या. छावणीसाठी बांधलेलं. तिथल्या चॅप्लेनचा पगार सरकारी तिजोरीतून व्हायचा. त्यासाठी सरकारचं वेगळं धर्मखातंच होतं. दर रविवारी राजासाठी प्रार्थना व्हायची. ते राजकारण नव्हतं का?

मामा : होतं की. म्हणूनच तर म्हणतो. एका बाजूनं घाण केली म्हणून दुसऱ्या बाजूनं करायची का?

मी : एल्विनचं म्हणणं साधं होतं. आपल्या देशानं हिंदुस्थानातून घेतलंच घेतलं, तेव्हा एका इंग्रजानं तरी परतफेड म्हणून इथं यावं. प्रायश्चित्त करायला आलेला माणूस ज्याचं प्रायश्चित्त करायचं त्याच्याकडं पाठ करून कसा बसेल? १९२८च्या जानेवारीत तो साबरमतीला गेला, गांधीजींना भेटला आणि तिथून परत आला तो वेगळाच माणूस होऊन.

मामा : साबरमतीला गेला ते ठीक. पुण्यात राहून इथल्या ख्रिस्ती माणसांकडं किती बघितलं?

हा मामांचा खरा मुद्दा आहे, आणि तो मला कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडला नव्हता. आमचं कुटुंब नगरकडचं. आजोबांच्या आधीची पिढी गावकुसाबाहेर राहणारी, मिशनमुळं अक्षर ओळखायला लागलेली. त्या माणसांच्या नजरेतून १९३०चं साल पाहिलं की ते निराळंच दिसतं.

मामा : मार्च १९३०. तुझ्या लक्षात काय येतं?

मी : दांडी. १२ मार्च.

मामा : सगळ्यांच्या लक्षात तेच येतं. १२ला दांडीयात्रा निघाली. २ मार्चला नाशकात काय सुरू झालं? काळाराम मंदिराचा सत्याग्रह. बाबासाहेबांचा.

मी : आणि १ मार्चला तिसरंच काहीतरी झालं, ते तुम्हाला आवडेल. १९२७च्या कायद्यानं हिंदुस्थानातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायदेशीररीत्या वेगळं झालं, ते १ मार्च १९३०पासून अमलात आलं.

मामा : बारा दिवसांत तीन गोष्टी. त्यातली कुठली तुझ्या एल्विननं धरली? ‘ख्राइस्ट अँड सत्याग्रह’ नावाची पुस्तिका त्यानं त्याच साली लिहिली, तूच दाखवलीस मला. ख्रिस्ती माणसानं अहिंसक लढ्यात का उतरावं, ते त्यात सांगितलंय. चांगलं लिहिलंय. पण ते सगळं दांडीकडं तोंड करून. नाशिक पुण्यापासून काय लांब आहे? त्याच्या चर्चच्या बाकांवर बसणारी निम्मी माणसं ज्या घरांतून आली, त्या घरांचा प्रश्न नाशकात देवळाच्या दाराशी उभा होता.

मी : म्हणजे पाळकानं राजकारण करू नये असं नाही तुमचं. पाळकानं चुकीचं राजकारण केलं, असं आहे.

मामा : शब्दांत पकडू नकोस. पाळक राजकारणात पडला की तो मोठ्या पुढाऱ्याच्या मागं जातो, असं माझं म्हणणं आहे. त्याला वाटतं आपण गरिबाच्या बाजूला गेलो. तो जातो तो गरिबांच्या नावानं बोलणाऱ्याच्या बाजूला.

मला याचं उत्तर तेव्हा सुचलं नाही. काही अंशी ते एल्विनच्या पुढच्या आयुष्यात आहे.

१९३१मध्ये विन्स्लो आणि एल्विन यांचं ‘द डॉन ऑफ इंडियन फ्रीडम’ हे पुस्तक आलं. त्याला यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांची प्रस्तावना होती. म्हणजे इंग्लंडमधल्या धर्मपीठातही सहानुभूती होती, फक्त ती मुंबई-नागपूरच्या पाद्र्यांपर्यंत फारशी झिरपली नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी एल्विन संघातून बाहेर पडला. बरोबर होते शामराव हिवाळे. मराठी ख्रिस्ती, संघातच भेटलेले आणि पुढं आयुष्यभराचे सोबती. झोपडपट्टीत जाऊन राहायचं, असं काहीतरी दोघांच्या मनात होतं. गोंडांमध्ये काम करा, असं सुचवलं जमनालाल बजाजांनी.

मामा : आपल्या आकुर्डीच्या बजाजांचे?

मी : तेच. राहुल बजाजांचे आजोबा. वर्ध्याला असायचे.

मामा : म्हणजे बजाजांनी पाद्र्यालाही कामाला लावलं. (हसतात.) बरं, पुढं.

मी : पुढं ४ जानेवारी १९३२. गांधीजी गोलमेज परिषदेहून नुकतेच परतले होते. मणिभवनमध्ये मुक्काम होता. एल्विन आणि शामराव तिथंच गच्चीवर झोपले होते. पहाटे पोलीस आले. त्या दिवशी सोमवार होता, म्हणजे गांधीजींचा मौनवार. अटकेच्या वेळीही ते बोलले नाहीत. चिठ्ठ्या लिहून दिल्या. एल्विनला दिलेल्या चिठ्ठीचा आशय असा होता की, तुझ्या देशबांधवांना सांग, माझं त्यांच्यावर माझ्या माणसांइतकंच प्रेम आहे.

मामा : अटक होतेय आणि इंग्रजांना प्रेमाचा निरोप. हे मात्र कुठल्याही पाळकाच्या वरचं आहे.

मी : त्यानंतर एल्विन पेशावरला गेला. खान अब्दुल गफार खानांच्या खुदाई खिदमतगारांवर सरहद्दीवर काय चाललंय ते बघायला. बाहेर बातमी जाऊ नये म्हणून सरकार झटत होतं. पोलिसांनी त्याला शोधून काढलं आणि प्रांताबाहेर घालवलं. तरी त्यानं अहवाल लिहिला. सरकारनं त्यावर बंदी आणली. आणि जानेवारी संपता संपता दोघं मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला पोचले. गवताच्या झोपड्या, दवाखाना, शाळा. एका महिन्यात मुंबई, पेशावर, करंजिया.

मामा : आणि चर्च?

मी : तीच गंमत आहे. करंजिया येतं नागपूरच्या बिशपच्या हद्दीत. बिशप अ‍ॅलेक्स वुड. हे पूर्वी चांद्याला मिशनरी होते, म्हणजे आपल्या चंद्रपूरला. माणूस कोरडा नव्हता, गरिबांत काम केलेला होता. पण एल्विनला प्रभुभोजन द्यायचा परवाना हवा असेल तर राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. एल्विन म्हणाला, ती मी घेणार नाही.

मामा : थांब. चर्च इंग्लंडपासून वेगळं झालं ना १९३०मध्ये?

मी : झालं. शपथ मात्र राजाचीच राहिली.

मामा : मग त्यानं बरोबर केलं.

मी : तुम्ही हे म्हणताय?

मामा : अगं, शपथ नाकारणं हे राजकारण नाही. देवाच्या टेबलापाशी राजाची सही मागणं, हे राजकारण. ते बिशपसाहेबांनी केलं.

इथं आम्ही एकत्र आलो आणि लगेच पुन्हा वेगळे झालो. कारण त्याच वर्षी एल्विननं केलेली दुसरी गोष्ट मामांना अजिबात पटत नाही, आणि मी तिची वकिली करते.

१९३२मध्ये तो इंग्लंडला गेला. परत यायला निघाला तेव्हा इंडिया ऑफिसनं अडवलं. हिंदुस्थानात जायचं तर लेखी द्यावं लागेल, असं सांगण्यात आलं. त्यानं लिहून दिलं. काय लिहून दिलं, तर मी गोंडांमधल्या कामापुरता राहीन, कायदेभंगात किंवा दुसऱ्या कुठल्या राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, राजकीय आंदोलन करणाऱ्यांशी शक्यतो संबंध ठेवणार नाही, सरकारविरुद्ध लेख लिहिणार नाही. आणि हे त्यानं पाळलं.

मामा : हा बाँड झाला. गुड कंडक्ट बाँड.

मी : झाला.

मामा : मी बघितलाय तो कागद. नाव नको घेऊ कंपनीचं. संप मोडला तेव्हा गेटवर टेबल टाकून बसले होते. सही केली की आत. माझ्या पुढच्या माणसानं सही केली, मागच्यानं केली. मीही केली. दोन मुली शाळेत होत्या. पण ती सही करून मी ‘मी आता आदिवासींची सेवा करतो’ असं म्हटलं नाही. मान खाली घालून मशीनवर गेलो.

मी : कायद्यात ते आता अनुचित धरलंय, मामा. १९७१च्या महाराष्ट्राच्या कायद्याची चौथी अनुसूची आहे. कायदेशीर संपावर गेलेल्या कामगाराला कामावर घेण्याआधी चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून देण्याचा आग्रह धरणं, ही अनुचित कामगार प्रथा.

मामा : आता म्हणजे काय, मी सही केली तेव्हाही तो कायदा होताच. संप बेकायदा ठरवला की तुझी अनुसूची गळून पडते. ते राहू दे. मला सांग, बिशपसमोर शपथ घ्यायला नाही म्हणणारा माणूस सरकारसमोर सही कशी करतो? बिशप त्याचं काय वाकडं करणार होता? परवाना देणार नाही, एवढंच. तिथं बाणा दाखवला. सरकार बोटीत चढू देणार नाही म्हटल्यावर मोडला.

मी : मला ते मोडणं वाटत नाही. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या. बिशपनं निष्ठा मागितली. निष्ठा आतली असते, ती खोटी देता येत नाही. सरकारनं गप्प बसणं मागितलं. ते देता येतं, त्यासाठी मनातलं काही बदलावं लागत नाही. वकील म्हणून मी अशिलाला हेच सांगते. माफीनामा लिहू नका, पण अमुक जागी अमुक दिवस जाणार नाही असं लिहून द्यायला हरकत नाही.

मामा : अशील आणि पाळक यांत फरक आहे. पाळकाजवळ जीभ सोडून दुसरं हत्यार काय असतं? तीच त्यानं गहाण टाकली. मी म्हणतो पाळकानं स्टेजवर जाऊ नये. पण समोर अन्याय होताना बोलणार नाही असं लिहून देणं ही वेगळी गोष्ट. संदेष्टे काय करायचे? राजाकडं नोकरी मागायला जायचे नाहीत, पण राजासमोर बोलायचे.

मी : गांधीजींना मौनवारी अटक झाली. गप्प राहूनही राजकारण होतं.

मामा : गांधींचं मौन त्यांचं स्वतःचं होतं. सोमवार त्यांनी निवडला होता. एल्विनचा सोमवार सरकारनं ठरवला, आणि तो कधी संपेल तेही सरकारनंच ठरवायचं होतं.

हे वाक्य ऐकून मी गप्प बसले, पण माझं मत बदललेलं नाही. एल्विननं सही केली नसती तर तो इंग्लंडमध्ये हिंदुस्थानवर व्याख्यानं देणारा एक चांगला माणूस झाला असता. तसे पुष्कळ होते. सही केली म्हणून तो करंजियाला परतला, आणि तिथं त्याला दिसलं की काँग्रेसच्या कार्यक्रमातलं बरंच काही गोंडांच्या उपयोगाचं नाही. जिथं कापूस पिकत नाही तिथं चरखा कशाला, असा त्याचा सवाल होता. मोहाची दारू ज्यांच्या जन्म-लग्न-मरणाच्या विधीत आहे, त्यांना दारूबंदीचा उपदेश करणं त्याला मान्य नव्हतं. बैगा आदिवासींची डोंगरउतारावरची फिरती शेती जंगलखात्यानं बंद पाडली, त्यानं त्यांचा कणाच मोडला, हे त्यानं १९३९च्या ‘द बैगा’मध्ये मांडलं. सावकार, जंगलखातं, दारूचा ठेकेदार, वकील हे सगळे त्याच्या लिखाणात येतात. बाँडात ‘राजकीय चळवळ’ असं लिहिलं होतं. जंगलखात्याविरुद्ध मानववंशशास्त्र लिहायचं नाही, असं कुठं लिहिलं होतं? मामांच्या १९३०च्या आक्षेपाला हेच माझं उत्तर आहे. मोठ्या पुढाऱ्याच्या मागून निघालेला पाद्री त्याच बाँडामुळं पुढाऱ्यांपासून तुटला आणि माणसांपाशी पोचला.

१९३५च्या सुमारास त्यानं चर्चही सोडलं. पाळकपणा नाही, सभासदत्व नाही. मामांना हा भाग बोलायला आवडत नाही, म्हणून मी तोच काढते.

मी : आता तो पाळकच राहिला नाही. मग तुमचा आक्षेप संपला?

मामा : संपला कसा? माझाच मुद्दा सिद्ध झाला. राजकारणात गेलेला पाळक शेवटी पाळक राहत नाही. आणि पुढं तर तो मिशनऱ्यांशीच भांडला.

मी : हो, १९४४मध्ये मंडल्यातल्या डच कॅथलिक मिशनशी. कर्ज आणि शाळा यांच्या जोरावर धर्मांतरं होतात, असा आरोप होता.

मामा : माझ्या पणजोबांना मिशननं शाळा दिली नसती तर तू आज काळा कोट घालून उभी राहिली नसतीस. पुस्तकं लिहिणाऱ्याला आदिवासी आहे तसा हवा होता. आदिवासीला काय हवं होतं, विचारलं का?

मी : हेच घुर्ये म्हणाले. मुंबई विद्यापीठाचे गोविंद सदाशिव घुर्ये, मालवणचे. १९४३मध्ये त्यांनी पुस्तकच लिहिलं. आदिवासी म्हणजे वेगळं कोणी नव्हे, मागास राहिलेले हिंदूच, असं त्यांचं मत. ठक्कर बाप्पांचाही आरोप होता की एल्विनला आदिवासींना इतरांपासून तोडून ठेवायचंय.

मामा : घुर्ये आणि मी एका बाजूला? मग मला पुन्हा विचार करायला हवा.

मी : करा. आणि माझ्या बाजूची एक अडचण मीच सांगते. १९४०मध्ये त्यानं कोसी नावाच्या राजगोंड मुलीशी लग्न केलं. १९४९मध्ये घटस्फोट. ज्यांच्या बाजूनं आयुष्यभर लिहिलं त्यांच्यातल्याच एका बाईला मागं ठेवून तो पुढं गेला. त्याच्या कामाला मी सलाम करते, पण याला माझ्याजवळ बचाव नाही. कुठल्या हमीपत्राचा दोष नाही यात.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी चहा मागितला आणि शामरावांचं विचारलं.

शामराव हिवाळे हे या गोष्टीतलं सर्वांत दुर्लक्षित मराठी नाव आहे. त्यांनी परधान लोकांवर ‘द परधान्स ऑफ द अपर नर्बदा व्हॅली’ हे पुस्तक लिहिलं. एल्विनचं पहिलं चरित्र ‘स्कॉलर जिप्सी’ही त्यांचंच. दोन्ही १९४६ची. गोंड आणि मैकल डोंगरातल्या गाण्यांच्या संग्रहांवर एल्विनबरोबर त्यांचं नाव आहे. एल्विन १९४६मध्ये मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणात मोठ्या पदावर गेला. १९५४मध्ये तो भारताचा नागरिक झाला आणि ईशान्य सीमा प्रदेशाचा (नेफा), म्हणजे आजच्या अरुणाचलचा, आदिवासी सल्लागार म्हणून शिलाँगला राहू लागला. शामराव पाटणगढला राहिले. (पुढं ज्या गावातून जनगढसिंह श्याम हा चित्रकार आला, तेच हे गाव.) नगर-सोलापूरच्या चर्चांमध्ये पुढाऱ्यांच्या तसबिरी आहेत, मिशनऱ्यांच्या आहेत. शामरावांची मी तरी कुठं पाहिली नाही.

मामा : बघ, पाळकाचं काम शामरावांनी केलं. दवाखाना चालवला, शाळा चालवली, माणसं सोडून गेले नाहीत. नाव मात्र दिल्लीला गेलेल्याचं झालं.

मी : दिल्लीला गेलेल्यानंही काही केलं. ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ १९५७चं. दुसऱ्या आवृत्तीला नेहरूंची प्रस्तावना आहे. लोकांवर काही लादू नका, त्यांच्या जमिनी-जंगलांवरचा हक्क सांभाळा, बाहेरची माणसं गरजेपुरतीच पाठवा, हे सरकारी धोरण झालं. १९३२मध्ये ज्यानं राजकारण करणार नाही असं लिहून दिलं, तोच पंचवीस वर्षांनी देशाच्या सीमेवरचं धोरण लिहीत होता. १९६१मध्ये पद्मभूषण. २२ फेब्रुवारी १९६४ला दिल्लीत गेला. आत्मचरित्राला मरणोत्तर साहित्य अकादमी मिळालं.

मामा : त्या धोरणात मिशनऱ्यांना प्रवेश नव्हता, तेही सांग.

मी : नव्हता.

मामा : बिशपचा मुलगा.

मी : बिशपचा मुलगा. आणि बघा, त्याच शिलाँगचे एक पाळक होते, रेव्हरंड जे. जे. एम. निकोल्स-रॉय. खासी. अँग्लिकन नव्हेत, चर्च ऑफ गॉडचे. आसामात मंत्री झाले, संविधान सभेत गेले. डोंगरी जिल्ह्यांना स्वतःची परिषद देणारी सहावी अनुसूची घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. पाळक राहूनच केलं त्यांनी हे, आणि स्वतःच्या लोकांसाठी. तुमच्या नाशिकच्या प्रश्नाचं उत्तर एल्विनपेक्षा त्यांच्याकडं आहे.

मामा : हे आधी का नाही सांगितलंस? दोन महिने गोऱ्यावर भांडतोय आपण.

मी : कारण गोऱ्याची गोष्ट पुण्यातून सुरू होते. आणि गोऱ्याला हाकलता येतं. एल्विन गेला त्याच १९६४मध्ये मायकेल स्कॉट हे दुसरे अँग्लिकन पाद्री नागालँडच्या शांतता मंडळात होते, जयप्रकाश नारायण आणि आसामचे तेव्हाचे मुख्यमंत्री चालिहा यांच्याबरोबर. सप्टेंबरात शस्त्रसंधी झाली. १९६६मध्ये सरकारनं स्कॉटना देशाबाहेर काढलं. पेशावरातून एल्विनला काढलं तसंच, फक्त सरकार बदललेलं.

मामा : आणि जो इथलाच असतो त्याला?

मी : स्टॅन स्वामी. जेझुइट. झारखंडच्या आदिवासींमध्ये काम. ऑक्टोबर २०२०मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक, ५ जुलै २०२१ला मुंबईत रुग्णालयात मृत्यू. वय ८४. जामीन मिळायचा राहिला होता, खटला उभा राहिला नव्हता. त्यांना पाठवायला बोट नव्हती.

मामा : त्यांनी कधी निवडणूक लढवली नाही.

मी : नाही.

मामा : कुठल्या स्टेजवर कुणासाठी मतं मागितली नाहीत.

मी : नाही. म्हणून तर म्हणते मामा, स्टेज हा मुद्दाच नाहीये. इंग्लंडमध्ये २००१पर्यंत अँग्लिकन पाळकाला खालच्या सभागृहात निवडून जाता येत नव्हतं. आणि वरच्या सभागृहात सव्वीस बिशप पदसिद्ध बसलेले! गरिबाच्या पाळकाला मतं मागायची बंदी, बिशपला न मागता जागा. तुमच्या नियमानं असंच होतं. वरच्यांचं राजकारण परंपरा ठरतं आणि खालच्याचं राजकारण तेवढं राजकारण.

या सगळ्याला निमित्त वेगळंच होतं, ते आता सांगते. महापालिका निवडणुकीच्या हंगामात आमच्या पाळकसाहेबांना दोन बोलावणी आली. एक होतं एका उमेदवाराच्या सभेत प्रार्थना करण्याचं. दुसरं दलित ख्रिस्ती आरक्षणाच्या मोर्च्याचं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. मंडळीत निम्म्यांचं म्हणणं, दोन्हीकडं जावं. उरलेल्यांचं, कुठंच जाऊ नये. कमिटीनं ठरावाचा मसुदा करायचं काम मामांवर टाकलं, आणि भाषा तपासायला तो माझ्याकडं आला.

मसुदा चांगला होता. कुठल्याही उमेदवाराच्या व्यासपीठावर पाळकसाहेब जाणार नाहीत. १९५०च्या आदेशाच्या प्रश्नावर ते मोर्च्यात मंडळीच्या पुढं चालतील. मामांनी स्वतःच्या हातानं ‘पुढं’ या शब्दाखाली रेघ ओढली होती. तिसरं कलम असं होतं की, याखेरीज कोणत्याही सार्वजनिक प्रश्नावर बोलण्यापूर्वी पाळकांनी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी.

मी : मामा, हे तिसरं काढा.

मामा : का?

मी : एल्विनच्या कागदावर याहून वेगळं काय होतं?

मामा : त्याच्याकडून सरकारनं लिहून घेतलं. हे मंडळी लिहून घेतेय.

मी : गेटवरही टेबल कंपनीचं होतं, सरकारचं नव्हतं.

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कलम पुन्हा वाचलं. ‘लेखी’ हा शब्द खोडला आणि कागद माझ्याकडं सरकवला. बाकीचं त्यांनी खोडलं नाही. मीही माझ्या अंगच्या वकिलीला जागून समासात नोंद केली की कलम तीनवर हरकत आहे. ठराव येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटीपुढं येईल. पाळकसाहेबांना अजून कुणी विचारलेलं नाही.